एमरिसच्या गाडीचा दुसरा पंखा

मी दुसरा पंखा बोलतोय. पहिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको की मोठेपणा घेतला.

गाडीच्या नाकाशी रेडिएटर असतो. इंजिनातलं तापलेलं पाणी त्यात येतं आणि निवून परत जातं. निवायला वारा लागतो. गाडी पळत असली की वारा फुकट मिळतो. गाडी रेंगाळली, थांबली, की वारा घालणं आमच्याकडे येतं. माझं काम एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही असं मलाही वाटायचं.

माझा जन्म जुळ्यातला. एका लहान घरगुती गाडीसाठी कारखान्यात आम्ही दोघे एकाच काळ्या चौकटीत बसवले गेलो. डावीकडे थोरला, उजवीकडे मी. त्याची पाती लांब, माझी आखूड. पाणी तापलं की आधी तो फिरायचा. त्याला एकट्याला झेपेनासं झालं तरच मला हाक यायची, आणि ती क्वचितच यायची. मी आपला त्याच्या शेजारी बसून असायचो. थोरला आहे ना, मग आपल्याला कसली फिकीर, असं माझं चालायचं.

आमची मालकीण एक निवृत्त नर्स होती. खड्ड्यातून चाक गेलं की ती गाडीची माफी मागायची. "चुकलं हं माझं," म्हणायची, आणि पुढच्याच वळणावर पुन्हा खड्ड्यात घालायची. माणसांचं हे मला कायम गमतीचं वाटत आलंय. ऐकू न येणाऱ्यांशी ती फार गोड बोलतात.

एका सकाळी डोंगरावरच्या रस्त्यात तिच्यापुढे मेंढी आली. तिने मेंढीला वाचवलं आणि गाडी दगडी बांधावर घातली. तिचं मनगट मोडलं. आमची डावी बाजू चेपली. थोरल्याची पाती माझ्या डोळ्यांदेखत तुटली. एक आवाज झाला, आणि मग तो कधीच फिरला नाही. मला साधा ओरखडाही नाही. का नाही, ते मला कुणी सांगितलं नाही.

भंगारवाल्याच्या आवारात आम्ही तशाच एका चौकटीत पडून होतो. मी धड, तो मोडका. पाऊस दोघांवर सारखाच पडायचा.

तिथे एमरिस आला. उंच माणूस, बोटांना हिरवा रंग लागलेला. त्याने मला बोटाने फिरवून पाहिलं, कान जवळ आणला आणि म्हणाला, "हा छोटा चालेल. माझ्या गाडीचं नाक अरुंद आहे." मग त्याने करवत घेतली आणि चौकट मधोमध कापली. थोरला चिखलात राहिला. मला त्याने कोटाच्या आत घेतलं.

एमरिसची गाडी दुकानातून आणलेली नव्हती. खोकी भरून सुटे भाग मागवायचे आणि घरामागच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडायचे, अशातली ती होती. छत नाही, दोनच बैठका, चाकं उघडी. वेल्सच्या त्या खोऱ्यात कोळशाची खाण बंद झाल्यापासून माणसांच्या हातांना काम कमी आणि खाज जास्त. कुणी कबुतरं पाळतो, कुणी बँडमध्ये तुतारी वाजवतो. एमरिसने गाडी जोडली. सोबतीला त्याचा दोस्त हेडन असायचा, बस चालवणारा. दोघे एका बोल्टवरून दुपारभर वाद घालायचे आणि चहा गार करायचे.

गाडी झाली. तपासणीत पास झाली, नंबर मिळाला. डोंगरावरच्या मोकळ्या रस्त्यावर ती अशी पळायची की हेडन शिव्या घालत हसायचा. पण गावात, दुकानांपुढच्या रांगेत, ती उकळायची. मागच्या बाजूने ओढणारा एकच पंखा होता, आणि त्याला ते इंजिन आवरत नव्हतं. नाकातून वाफ निघाली की शेजारचे खिडकीतून ओरडायचे, "एमरिस, चार कप टाक रे!" गाडीचं नाव किटली पडलं.

त्याच्या आईने, नेस्टाने, त्या गाडीत कधी पाय ठेवला नव्हता. "आई, बस ना एकदा," एमरिस म्हणायचा. ती म्हणायची, "आधी तिची वाफ थांबव. गावापुढे उकळत्या भांड्यात बसायची हौस नाही मला."

त्यासाठीच मी होतो. मला पुसून त्याने रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवलं. "येत्या रविवारी तुला बसवतो," म्हणाला. त्या रविवारी चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, गळक्या छपराचं काम निघालं. पुढच्या रविवारी मॅच. मग गुरुवारी संध्याकाळी तो मित्रांबरोबर फुटबॉल खेळायला गेला, मैदानाच्या कडेला खाली बसला आणि उठला नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चौतिशीतला माणूस. मी फळीवर होतो. मला ते घरातल्या रडण्यावरून कळलं.

धाकटा भाऊ होता, गेथिन. शाळा अर्ध्यावर सोडलेला, टायरच्या दुकानात कामाला. त्याला कशाचाही धीर नव्हता. डबा उघडेना तर तो फोडायचा. एमरिस गेल्यावर तो रोज गॅरेजमध्ये यायचा, गाडीत बसायचा, चाक धरायचा, आणि चालू न करता निघून जायचा. एकदा त्याने कपाळ चाकावर टेकलं आणि हॉर्न वाजला. तो एवढा दचकला की गाडीलाच शिवी दिली, आणि मग कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला.

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच दार. त्या दारातून मला सगळं ऐकू आलं. नेस्टाचा भाऊ इद्वल अंत्यविधीची व्यवस्था ठरवायला आला होता. गावातले अंत्यविधी प्रॉसरबाई पार पाडायच्या. तव्यावर भाजलेल्या मनुकेवाल्या केकचा वास येत होता, पण ताटलीचा आवाज येत नव्हता.

"ताई, घरच्यांसाठी मोठी काळी गाडी सांगितली आहे," इद्वलमामा म्हणाला. "शवपेटीच्या मागे ती. बाकी गाव चालत."

"नको," गेथिन म्हणाला. "आई एमरिसच्या गाडीत बसेल. मी चालवणार."

"त्या किटलीत?"

"तिला किटली म्हणू नको, मामा."

"बरं, नाही म्हणत. पण ऐक. प्रॉसरबाई पेटीच्या पुढे पायी चालतात. दारापासून चॅपलपर्यंत, चढावर, त्यांची ती उंच टोपी घालून, पावलापावलाने. त्यांच्या बापानेही तसंच नेलं माणसांना. त्या चालीत तुझी गाडी निम्म्या वाटेवर उकळेल. मागे अख्खं गाव थांबेल आणि मध्ये तुझी आई वाफेत बसलेली. एमरिसला असा निरोप द्यायचाय तुला?"

"नाही उकळणार."

"कशावरून?"

"मी बघतो ते."

"तू? लेका, तुला घरातला दिवा बदलता येत नाही."

"दिवा बदलला होता मी!"

"हो. आणि गल्लीतले गेले."

एरवी कुणीतरी हसलं असतं. मग नेस्टा बोलली. "मला त्याच गाडीत जायचंय, इद्वल. त्याने किती वेळा म्हटलं आणि मी नाही म्हणत राहिले." मग ती गेथिनकडे वळली असावी, कारण आवाज खाली आला. "पण गेथिन, ती वाटेत बंद पडली ना, तर मला पुन्हा तिच्याकडे बघवणार नाही. मग ती विकून टाक. मला दाखवूही नकोस."

"आदल्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघतो," इद्वलमामा म्हणाला. "नाही जमलं तर काळी गाडी येईल, आणि तू तोंडातून शब्द काढायचा नाही."

दार धाडकन उघडलं. गेथिन फळीशी आला, रंगाचे दोन डबे पाडले आणि मला खाली काढलं. मला आयुष्यात कुणी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

त्याने रात्र मध्ये जाऊ दिली असती तर बरं झालं असतं. पण त्याने लगेच हात घातला. रेडिएटरच्या मागे जुना पंखा होता आणि त्याच्या मागे इंजिन, बोट घालायलाही जागा नव्हती. म्हणून त्याने मला रेडिएटरच्या पुढच्या अंगाला, नाकाच्या आत लावलं. त्याच्या हाताला जसा आलो तसा, पाती रेडिएटरकडे करून. पट्ट्या वाकवल्या, पेच आवळले. माझ्या दोन्ही वायरी त्याने जुन्या पंख्याच्या वायरींना पिळून जोडल्या आणि चालू केलं. फट्. फ्यूज गेला. दुसरा घातला. फट्. तो जमिनीवर बसला आणि स्वतःला अशा शिव्या घातल्या की जुना पंखासुद्धा थिजला असेल.

दुसऱ्या दिवशी हेडन आला. बसच्या नोकरीचा गणवेश अंगात तसाच. त्याने नाकात डोकावून पाहिलं.

"अरे, एका माणसाचं ताट आणि त्यात दोघांना जेवायला बसवलंस तू. ती वायर एका पंख्यापुरती आहे. ह्याला ह्याचं ताट दे."

"म्हणजे काय ते सांग. कोडी घालू नको."

"बॅटरीपासून जाड वायर. मध्ये ह्याचा स्वतःचा फ्यूज. आणि हे डबडं, रिले." त्याने खिशातून काड्यापेटीएवढी वस्तू काढली. "पंख्याचा सगळा भार हे सोसतं. स्विचने फक्त ह्याला इशारा करायचा. नाही तर बोटाखाली स्विच वितळेल."

स्विच कुठे बसवायचा हे विचारावंच लागलं नाही. डॅशबोर्डवर उजव्या हाताला एक भोक होतं, रबराच्या बुचाने झाकलेलं. एमरिसने ते आधीच पाडून ठेवलं होतं. गेथिनने बूच काढलं आणि खिशात टाकलं.

काळी वायर राहिली. ती गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडायची असते, म्हणजे वीज फिरून परत जाते. गेथिनने ती एका बोल्टखाली दाबली. स्विच दाबला. मी ढिम्म. रिले टक् वाजला, पण माझ्यापर्यंत काही आलं नाही.

"रंगावर बसवलीस," हेडन म्हणाला. "रंगातून वीज जात नाही. खालचं लोखंड उघडं कर."

सांगाडा हिरवा होता. एमरिसने तो हाताने रंगवला होता, थरावर थर, प्रत्येक थर घासून. त्यावर कुणी पाना ठेवला तरी तो ओरडायचा. एकदा गेथिनने चहाचा कप ठेवला होता, तर त्याला गॅरेजमधून हाकलून दिलं होतं.

गेथिनने पॉलिश पेपर हातात घेतला. बोल्टजवळ नेला. मग मागे घेतला.

"मी नाही खरवडणार."

"अरे नखाएवढं."

"त्याने लावलाय तो. हेडन, त्याने लावलाय."

हेडनने वायरीचं भेंडोळं उचललं. "बरं. मग वायर मागपर्यंत नेऊ, थेट बॅटरीला. लांब पडेल, पण चालेल. रंगाला हात लावायचा नाही. तसं करण्यातही काही चूक नाही."

गेथिन बोल्टपाशी उकिडवा बसला. माझ्या पात्यांमधून मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा मला ओळखीचा वाटला. मला थोरला आठवला. करवत चालत होती तेव्हा मीही असाच काही म्हणणार होतो, पण मला तोंड नव्हतं.

"तो असता तर काय केलं असतं?" गेथिनने विचारलं.

"त्याने? त्याने खरवडलं असतं, मग आपल्याला तासभर दाखवलं असतं की बघा किती छान खरवडलंय."

गेथिन हसला. नाकातून पाणी आलं, ते बाहीला पुसलं. मग त्याने पेपर घेतला आणि अगदी हलक्या हाताने, जणू एखाद्याच्या गालावरचं काही पुसतोय अशा हाताने, नखाएवढा हिरवा रंग काढला. खाली लोखंड चमकलं. कागदावर हिरवी पूड आली. ती त्याने झटकली नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

वायर बसली. स्विच दाबला. आणि मी फिरलो! भंगारातून आल्यापासून पहिल्यांदा. हेडनने टाळी वाजवली. गेथिनने गॅरेजच्या दाराला लाथ मारली, आनंदाने. त्याच्या आनंदात आणि रागात दाराला काही फरक कळत नसे.

पण गाडी अंगणात उभी करून चालू ठेवली आणि काटा चढू लागला. मी जीव तोडून फिरत होतो. काटा आणखी चढला. पूर्वी चढायचा त्यापेक्षा लवकर. थोड्या वेळात झाकणाखालून सूं असा आवाज, आणि वाफ.

इद्वलमामा फाटकाशी उभा होता. त्याने खिशातून फोन काढला आणि प्रॉसरबाईंचा नंबर शोधू लागला.

"थांब ना जरा!" गेथिन ओरडला.

"पोरा, दुपार झाली."

"हाच नालायक आहे!" गेथिनने पाना उचलला आणि माझ्याकडे आला. "ह्याच्यामुळे वाढलं. आधी बरं होतं. काढून फेकतो ह्याला."

मला सांगायचं होतं. किती सांगायचं होतं! मी जन्मभर रेडिएटरच्या मागे बसून वारा ओढत आलो. आता मला पुढे बसवलं, तोंड मात्र रेडिएटरकडेच ठेवलं. मी माझ्या सवयीने ओढतच होतो, म्हणजे आतला गरम वारा पुढे बाहेर काढत होतो. मागचा पंखा बाहेरचा गार वारा आत ओढत होता. आम्ही दोघे एकाच दोरीची दोन टोकं धरून ओढत होतो आणि वारा मध्ये अडकला होता. पण पंखा हे कुणाला आणि कसं सांगणार?

नेस्टा तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली. दुसऱ्या दिवसासाठी तिने सकाळीच केस बसवून घेतले होते, जाळी लावून. ती गाडीच्या नाकापुढे येऊन उभी राहिली, कारण तिच्या मुलाच्या हातात पाना होता आणि तिला तो खाली ठेवायला लावायचा होता.

"गेथिन, तो पाना खाली— अगं बाई! हे काय, केस वाळवायचं यंत्र लावलंय का इथे? सगळा गरम वारा तोंडावर येतोय माझ्या. केस गेले ना माझे!"

"आई, बाजूला हो."

"होते. पण हे असं असतं का? पंखा आहे ना तो? मग गाडीला वारा घालायचा सोडून मला कशाला घालतोय?"

गेथिन थांबला. हेडनही थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गेथिनने आईच्या हातातला कप घेतला आणि माझ्यापुढे धरला. चहाची वाफ आत जायला हवी होती. ती पुढे, त्याच्याच चेहऱ्यावर आली.

"उलटा," हेडन म्हणाला. "उलटा बसलाय हा, आणि आपल्याला दिसलं नाही. दोघेही आंधळे."

"मामा, फोन ठेव!"

मामाने ठेवला नाही, पण नंबरही दाबला नाही.

गेथिनने माझ्या लाल आणि काळ्या वायरींची अदलाबदल केली. हेडनने मधला पेच काढून माझी पाती पालथी घातली, म्हणजे त्यांचा बाक नव्या दिशेला जुळेल. क्षणभर मी भेदरलो. सगळं आयुष्य एका अंगाने फिरलेल्याला दुसऱ्या अंगाने फिरा म्हणणं सोपं नसतं. पण वीज आली आणि मी फिरलो, आणि पहिल्यांदाच मला कळलं की ओढण्याऐवजी ढकलणं कसं असतं. मी ढकलत होतो, मागचा ओढत होता, आणि वारा आमच्या मधून सरळ जात होता. त्या म्हाताऱ्या पंख्याची मला ओळख नव्हती. तरी त्या क्षणी मला एकटं वाटलं नाही.

काटा चढला, अडखळला, थोडा खाली आला. अंगणात गाडी गुरगुरत उभी राहिली. चहा पिऊन झाला, केक खाऊन झाले, काटा तिथेच.

"अंगणात ठीक आहे," इद्वलमामा म्हणाला. "चढावर बघू." पण केक खाता खाता म्हणाला, आणि फोन खिशात गेला होता.

शुक्रवारी, अंत्यविधीच्या दिवशी, ऊन पडलं. नेमकं ऊन पडलं. प्रॉसरबाई काळा लांब कोट आणि उंच टोपी घालून दारापुढे उभ्या राहिल्या, हातात काठी. त्यांनी पेटीकडे वळून मान लववली आणि चालू लागल्या. मागे पेटीची काळी गाडी. तिच्या मागे आम्ही. नेस्टा आत बसली तेव्हा तिने टोपी एका हाताने धरली होती, आणि दुसऱ्या हाताने, मला वाटतं, दाराची कड. आमच्या मागे गाव चालत होतं, बँडवाले, फुटबॉलवाले, हेडन.

मी नाकात बसलेलो असल्यामुळे सगळ्यात पुढे मीच होतो. माझ्यासमोर काच, काचेआड पेटी, पेटीवर पिवळी फुलं. एमरिसच्या इतक्या जवळ त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

पाणी हळूहळू तापू लागलं. ते मला पाठीशी जाणवत होतं. मागचा पंखा सुरू झाला. मग गेथिनने स्विच दाबला आणि मी सुरू झालो. चढ लागला. प्रॉसरबाईंची पावलं एकसारखी, घाई नाही, थांबणं नाही. इद्वलमामा आमच्या शेजारून चालत होता, कोटाच्या आत पाण्याची बाटली. ती गाडीसाठी होती. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण चालताना ती डुचमळत होती.

चढाच्या मध्यावर, जिथे दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, वरून बस आली. चालकाने टोपी काढली, पण बस कुठे काढणार? तो मागे घेऊ लागला, इंच इंच. सगळे थांबले. पेटी थांबली. आम्ही थांबलो. वारा नाही, सावली नाही.

पाठीमागचं पाणी आता रागावल्यासारखं झालं होतं. मला वरून गेथिनचा आवाज आला. "नको रे. आता नको."

"काय म्हणतोय काटा?" नेस्टाने विचारलं.

"काही नाही, आई."

"खरं सांग."

"चढतोय."

मामाने बाटली बाहेर काढली. मागे लोकांच्या पायांचा आवाज थांबला होता आणि सगळं गाव माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. माझ्याकडे आखूड पाती आहेत. थोरल्यासारखी नाहीत. पण जी आहेत ती मी फिरवली. चौकट थरथरली, पट्ट्या कुरकुरल्या, समोरची हवा उचलून मी मागे ढकलत राहिलो. दुसरं मला काही येतच नाही.

बस मागे गेली. प्रॉसरबाईंनी काठी उचलली.

"थांबला," गेथिन म्हणाला. "आई, काटा थांबला. उतरतोय." नेस्टाने काय केलं ते मला दिसलं नाही. इद्वलमामाने बाटलीचं झाकण उघडलं आणि स्वतःच घटाघटा पाणी प्यायला.

चॅपलच्या फाटकाशी गेथिनने किल्ली काढली आणि पेटीला खांदा द्यायला धावला. इंजिन थांबलं, मागचा पंखा थांबला. मी थांबलो नाही. माझी वायर थेट बॅटरीला होती आणि स्विच बंद करायचं त्याला सुचलं नाही. सगळे गप्प उभे, टोप्या हातात, आणि मी भिरभिर फिरतोय. प्रॉसरबाई गाडीशी वाकल्या. "बंद करू का, नेस्टा?"

"राहू दे," ती म्हणाली. "अजून गरम आहे."

ते आत गेले. दार बंद झालं. आतून गाणं आलं, चार आवाजांत, त्यांना येतं तसं. मी बाहेर फिरत राहिलो. पाणी कधीच निवलं होतं. तरी फिरत राहिलो. मग ते पेटी घेऊन मागच्या दफनभूमीकडे गेले. माझा वेग कमी होत गेला, आणि एमरिसवर माती पडत असताना कधीतरी मी थांबलो. बॅटरी संपली होती.

सगळे परत आले. गेथिनने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. त्याने स्विचकडे पाहिलं आणि डोक्यावर हात मारला.

"पंखा! अख्खा वेळ चालू होता!"

मग इद्वलमामा म्हणाला, "म्हणजे उकळली नाही, पण थिजली."

पहिली हसली ती नेस्टा. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत, आणि मग रुमालही बाजूला करून. "उतर, आई, ढकलावी लागेल," गेथिन म्हणाला, तर ती म्हणाली, "मी कशाला उतरू? एवढे दांडगे उभे आहेत. ढकला!"

इद्वलमामाने कोट काढून दफनभूमीच्या भिंतीवर टाकला आणि सर्वांत आधी खांदा लावला. हेडन आला, फुटबॉलवाले आले. प्रॉसरबाईंनी काठी कुणाच्या तरी हातात दिली आणि टोपी न काढता मागे हात टेकले. काळ्या कपड्यातली ती सगळी माणसं, बुटांना ताजी माती लागलेली, उतारावर गाडी पळवू लागली. "आता!" हेडन ओरडला. गेथिनने क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला, खोकली, आणि सुरू झाली. मागे आरडाओरडा झाला, अंत्यविधीला शोभणार नाही असा. गेथिन थांबला नाही. आईला घेऊन तो तसाच डोंगरावरच्या रस्त्याला लागला.

त्याला आता बराच काळ झाला. माझ्या पट्ट्यांना गंज चढलाय, एका पात्याला खडीने टवका गेलाय. शनिवारी नेस्टा दुकानाला जाते ती ह्याच गाडीतून. रांगेत उभं राहिलं की गेथिनच्या आधी तिचाच हात स्विचकडे जातो. गरज नसली तरी ती मला लावते. "चालू दे त्याला," म्हणते. गाडी विकायचं कुणी काढत नाही.

हेडन म्हणतो, वायर बदलू, म्हणजे किल्ली काढली की हाही बंद होईल, उगाच बॅटरी खातो. गेथिन म्हणतो, बघू. तो ते करणार नाही हे मला माहीत आहे.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. इंजिन बंद झालं तरी आतलं पाणी लगेच निवत नाही, उलट थोडा वेळ जास्तच तापतं. तेव्हा मला लगेच बंद करू नका. मला फिरू द्या. बॅटरी संपली तर संपली. ढकलायला माणसं येतात, हे मी पाहिलंय.